सहलीचा कॅमेरा कसा निवडावा? मेगापिक्सेल नंतर, मूल आधी



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांमध्ये एकच चर्चा सुरू होते. यंदा सहल कुठं न्यायची? मग एस.टी.ची बस, पालकांची संमतीपत्रं, वर्गणी, मुक्काम, जेवण, प्रथमोपचार पेटी अशी सगळी यादी होते. या यादीत एक गोष्ट कधीच नसते. फोटो कोण काढणार आणि कशानं? कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "मोबाईल आहे की सगळ्यांकडं!"

मीही हेच म्हणायचे. आज माझं मत वेगळं आहे. सहलीला शाळेचा एक साधा डिजिटल कॅमेरा असावा, तो मुलांच्या हातात द्यावा आणि निवडतानाच तो मुलांच्या हातात जाणार आहे हे धरून निवडावा, असं मला वाटतं. हे मत कशामुळं झालं ते आधी सांगते. मग निवडीचं बोलू.

आजीनं मागितलेला फोटो

आमची बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. दोन वर्षांपूर्वी आम्ही ४२ मुलांना घेऊन दौलताबाद, वेरूळ आणि अजिंठा अशी दोन दिवसांची सहल केली. आम्ही चार शिक्षक, चार मोबाईल. फोटो भरपूर निघाले. निदान तसं वाटलं.

परत आल्यावर चौथ्या दिवशी सहावीतल्या एका मुलीची आजी शाळेत आली. तुम्हाला आपल्या भागाचं माहीतच आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयता घेऊन कारखान्यांकडं निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. ते परत येतात थेट उन्हाळा लागताना. काही मुलं आईबापांसोबत फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांजवळ. ही मुलगी आजीजवळ राहिलेली. सहलीची वर्गणी तिच्या आईनं फडावरून पाठवली होती.

आजी म्हणाली, "मॅडम, पोरीचा येखादा फोटू द्या की. तिची माय फोनवर सारखी इचारती, पोरगी सहलीला कशी दिसत होती म्हणून."

मी मोबाईल उघडला. शोधत राहिले. बाकीच्या तिघांचेही मोबाईल पाहिले. एका सरांच्या फोनची जागा दौलताबादलाच भरली होती. एकाची बॅटरी वेरूळला संपली होती. उरलेल्या फोटोंत आम्ही शिक्षकच जास्त, नाहीतर नुसत्या लेण्या, नाहीतर पुढं पुढं करणारी तीच ती आठ-दहा मुलं. ती मुलगी एका फोटोत सापडली. पाठमोरी. एक वेणी आणि दप्तराचा पट्टा.

नंतर मी पटावरची नावं घेऊन एकेक फोटो तपासला. ४२ पैकी ११ मुलांचा चेहरा दिसेल असा एकही फोटो नव्हता. त्या ११ मध्ये सात मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. जी मुलं मागं उभी राहतात ती फोटोतही मागंच राहतात, एवढंच. पण ज्यांच्या घरी फोटोची खरी गरज होती, नेमक्या त्यांच्याच घरी तो गेला नाही. आजीला मी "बघते, पाठवते" म्हणाले. पाठवायला काहीच नव्हतं.

मोबाईल वाईट नाही, पण तो आपला असतो

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आजचा बरा मोबाईल साध्या कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळदा चांगला फोटो काढतो, विशेषतः कमी उजेडात. तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन आतल्या आत जुळवतो आणि एक उजळ फोटो देतो. जुन्या साध्या कॅमेऱ्याला हे जमत नाही. "मोबाईलपेक्षा कॅमेरा भारी" असं माझं म्हणणं अजिबात नाही.

माझं म्हणणं एवढंच की सहलीत मोबाईल शिक्षकाचा असतो. त्यावर पालकांचे फोन येतात, मुख्याध्यापकांचे येतात, बसचे ड्रायव्हर विचारतात गाडी कुठं लावू. त्यात आपले पैशाचे व्यवहार असतात, घरचे फोटो असतात. असा मोबाईल आपण अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन "जा, फोटो काढ" म्हणू का? नाही म्हणणार. मग फोटो आपणच काढणार आणि आपल्याला जे दिसतं तेच फोटोत येणार. मुलांना काय दिसलं ते कधीच कळणार नाही.

साध्या कॅमेऱ्यात फक्त फोटो निघतात. ना फोन येतो, ना गेम उघडतो. या कामासाठी मला हा त्याचा गुणच वाटतो.

आता निवडीचं बोलू

पुढच्या वर्षी आम्ही शिक्षकांनी आपापसांत वर्गणी काढून एक वापरलेला छोटा कॅमेरा घेतला. नवीन साधे कॅमेरे हल्ली दुकानात फारसे मिळत नाहीत. मोबाईल आल्यापासून कंपन्यांनी ते बनवणं खूप कमी केलंय. पण अनेक घरांत कपाटात असा एखादा कॅमेरा धूळ खात पडलेला असतो. आधी तिथं शोधा. लग्नाआधी घेतलेला, पहिल्या बाळाच्या वेळी घेतलेला असा कॅमेरा निघतोच. पालकहो, उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात किंवा तिरुपतीला जाताना तुम्हालाही हाच विचार उपयोगी पडेल.

१) मेगापिक्सेलच्या मागं लागू नका.

दुकानदार पहिला आकडा हाच सांगतो. सोळा, वीस, चोवीस. आपण आकड्याला भुलतो. तेव्हा पाचवीच्या मुलांकडून एक गुणाकार करून घ्या. अल्बममध्ये लावतो तो फोटो ६ इंच बाय ४ इंच. चांगल्या छपाईला दर इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे लांबीला १८०० आणि रुंदीला १२००. गुणाकार २१ लाख ६० हजार. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. म्हणजे अल्बमच्या फोटोला सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत! भिंतीवर लावायला ए-फोर कागदाएवढा फोटो हवा असेल तर पावणेनऊच्या आसपास लागतात. दहा-बारा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा शाळेला आणि घराला पुरून उरतो.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात फक्त १० हजार ठिपके होते, शंभर बाय शंभर. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. माझ्या वर्गातली मुलं हे ऐकून एवढी हसली की मला तास पुढं नेता येईना. पण मेगापिक्सेल म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

२) ठिपक्यांपेक्षा सेन्सरचा आकार विचारा.

कॅमेऱ्याच्या आत उजेड झेलणारी एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. अंगणात पाऊस पडताना एक पेला ठेवला आणि एक परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल? परातीत. उजेडाचंही तसंच आहे. साध्या छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण ६ मिलिमीटर बाय साडेचार मिलिमीटर असतो, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा. 'एक इंची' म्हणून जो सेन्सर मिळतो तो साधारण १३ बाय ९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास चौपट. भर उन्हात दोघांत फारसा फरक पडत नाही. लेणीत, संध्याकाळी, मुक्कामाच्या खोलीत मोठा सेन्सर उजवा ठरतो. पण त्याची किंमतही तशीच असते. मुलांच्या हातात द्यायला छोटा सेन्सर पुरे, असं मी ठरवलं. अंधारातल्या जागेपुरता एका शिक्षकाचा मोबाईल असतोच.

३) झूम खरा आहे का पाहा.

झूम दोन प्रकारचा असतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखर पुढंमागं सरकतात आणि लांबची वस्तू जवळ दिसते. डिजिटल झूम म्हणजे काढलेल्या फोटोचा मधला तुकडा कापून ताणायचा. पोळी ताणली की विरते, तसा तो फोटो विरतो. खोक्यावरचा डिजिटल झूमचा मोठा आकडा वाचूच नका. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात किंवा जायकवाडीच्या पाणथळीवर पक्षी बघायला जाणार असाल तर ऑप्टिकल झूम जास्त हवा. लेण्या, किल्ले, मंदिरं बघायची असतील तर उलट आहे. तिथं जवळ उभं राहून जास्तीत जास्त भाग फोटोत यायला हवा, म्हणजे भिंग रुंद हवं. आपण कुठं जाणार ते आधी ठरवा, मग कॅमेरा.

४) सेल की बॅटरी?

काही साधे कॅमेरे पेन्सिल सेलवर चालतात. गावाकडं हे सोयीचं, सेल कुठंही मिळतात. पण घड्याळात घालतो ते स्वस्त सेल घातले तर दहा-वीस फोटोंत कॅमेरा मान टाकतो. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलच्या दोन जोड्या घ्या. कॅमेरा बॅटरीवर चालणारा असेल तर जादा बॅटरी मिळते का ते आधीच पाहा. जुनी बॅटरी फुगलेली असेल तर तो कॅमेरा तसाच परत द्या.

५) मेमरी कार्डाचा हिशोब.

४२ मुलं, प्रत्येकी १० फोटो, म्हणजे ४२० फोटो. एक फोटो साधारण ५ एमबी धरला तर २१०० एमबी. चार जीबीचं कार्डसुद्धा पुरतं. जुन्या कॅमेऱ्यांना मोठं कार्ड चालत नाही, काहींना ३२ जीबीपर्यंतचंच चालतं, तर अगदी जुन्यांना दोन जीबीपर्यंतचंच. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान कार्डं बरी. एक बिघडलं तरी अर्धी सहल हातात राहते.

६) वापरलेला कॅमेरा घेताना.

चालू-बंद करून भिंग आवाज न करता बाहेर येतं का पाहा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे डाग दिसले तर आत धूळ किंवा बुरशी आहे. कार्ड घालून, काढून, पुन्हा घालून बघा. आणि शेवटचं, मनगटात अडकवायची दोरी आहे का? नसेल तर करदोट्याच्या दोऱ्याची करून घ्या. मुलांसाठी घेताना या दोरीला मी मेगापिक्सेलपेक्षा जास्त मार्क देते.

जाण्याआधी एक तास

कॅमेरा आला आणि थेट सहलीला निघालो असं करू नका. वर्गात एक तास द्या. मी तीनच गोष्टी शिकवल्या.

पहिली, बटण आधी अर्धं दाबायचं. हिरवी खूण दिसली की पूर्ण दाबायचं. मुलांचे निम्मे फोटो हलतात ते बटण एकदम दाबल्यामुळं.

दुसरी, सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा. टोपी घातलेल्या मित्राचा फोटो काढताना त्याला टोपी जरा वर करायला सांगायचं, नाहीतर चेहऱ्यावर नुसती सावली येते.

तिसरी, वस्तू उभी असेल तर कॅमेरा उभा, आडवी असेल तर आडवा. दौलताबादचा चाँदमिनार समोर आला तेव्हा एका मुलानं दुसऱ्याला मोठ्यानं सांगितलं, "आरं, मिनार उभा हाय, कॅमेरा उभा धर!" मला त्या क्षणी पगार मिळाल्यासारखं वाटलं.

सोबत जागांचे नियमही सांगा. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे. प्रखर उजेडानं रंग खराब होण्याची भीती असते. दीड-दोन हजार वर्षं टिकलेली चित्रं आहेत, ती आपल्या एका फोटोसाठी नाहीत. सहलीच्या आदल्या दिवशीच कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद कसा करायचा ते प्रत्येक मुलाकडून करून घ्या. ट्रायपॉड परवानगीशिवाय नेता येत नाही. आणि वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी.

उजेडाप्रमाणे वेळ ठरवता आली तर उत्तम. दौलताबाद सकाळी करा, चढाला ऊन लागत नाही. वेरूळ दुपारनंतर करा. कैलास लेणं पश्चिमेकडं तोंड करून आहे, त्यामुळं दुपारच्या उन्हात ते उजळून निघतं.

एक कॅमेरा, बेचाळीस हात

गेल्या वर्षीच्या सहलीतही योगायोगानं ४२ मुलंच होती. सात-सातचे सहा गट केले आणि प्रवासाचे सहा टप्पे. पहाटेची बस, दौलताबाद, वेरूळ, मुक्काम आणि जेवण, अजिंठा, परतीचा प्रवास. एका गटाकडं एका टप्प्याला कॅमेरा. गटातल्या प्रत्येकाला दहा फोटो. त्यात एक अट होती, दहापैकी तीन फोटो गटाबाहेरच्या मुलांचे हवेत. ज्याचा फोटो निघाला त्याच्या नावापुढं वहीत खूण. मुक्कामाच्या रात्री वही तपासली. नऊ नावं कोरी होती. दुसऱ्या दिवशीच्या दोन गटांना ती नऊ नावं दिली. परत आलो तेव्हा एकही नाव कोरं नव्हतं.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा जेवणाचा टप्पा मिळालेला गट रुसला होता. "आम्हाला काय, वरण-भाताचेच फोटो!" पण सगळ्यांत जास्त बघितले गेले ते त्यांचेच फोटो. पंगत, वाढपी सर, बसमध्ये झोपणारा आणि ताटासमोरही पेंगणारा एक मुलगा, अंथरुणावर बसून घरी काय नेणार याची यादी करणाऱ्या मुली. पहाटेच्या बसवाल्यांनी ड्रायव्हरकाकांचा हसरा फोटो काढला. मी एवढ्या सहली केल्या, पण ड्रायव्हरचा फोटो काढावा असं माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

तुम्ही विचाराल, कॅमेरा पडला नाही का? पडला. एकदाच. माझ्या हातून, बसमधून उतरताना. मुलांनी मनगटात दोरी घातली होती, मी घातली नव्हती.

परत आल्यावरचं काम

फोटोंची दुसरी प्रत लगेच करा. शाळेच्या संगणकावर एक आणि पेनड्राइव्हमध्ये एक. हे पटवायला मी मुलांना अजिंठ्याचीच गोष्ट सांगते. रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याला १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं तिथं राहून मोठमोठ्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ साली तिथं आग लागली आणि बहुतेक नकला जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा काम सुरू केलं. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. गिलनं लेण्यांचे फोटोही काढले होते. त्यांच्या छापील प्रती अनेक ठिकाणी गेल्या म्हणून ते आजही बघायला मिळतात. गोष्ट सांगून झाली की मुलं स्वतःच म्हणतात, "मॅडम, दोन ठिकाणी ठेवा."

मग अभ्यास. प्रत्येक मुलानं आपल्या दहापैकी एक फोटो निवडायचा आणि त्यावर पाच वाक्यं लिहायची. पुस्तकातल्या चित्रवर्णनाला जी मुलं "चित्रात एक झाड आहे" च्या पुढं जात नाहीत, त्यांनी पान भरून लिहिलं. कारण या वेळी चित्रात काय आहे ते त्यांना माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

आणि एक विनंती. मुलांचे फोटो स्टेटसला, मोठ्या ग्रुपवर सरसकट टाकू नका. पालकांची परवानगी नसेल तर नाहीच. कॅमेऱ्याचा हाही फायदा आहे. फोटो कार्डात राहतो, आपण पाठवल्याशिवाय कुठं जात नाही. प्रत्येक घरी त्या मुलाचा एक छापील फोटो द्या. छपाईचा खर्च सहलीच्या वर्गणीतच धरा. मुलामागं फार नाही पडत.

शेवटी

ती पाठमोरी मुलगी गेल्या वर्षी सातवीत होती. तिचे आईवडील याही वर्षी फडावरच होते. तिच्या गटाला वेरूळ मिळालं. कैलास लेण्याच्या अंगणात दगडी हत्ती आहे, सोंड तुटलेला. तिनं आपले नऊ फोटो काढले आणि कॅमेरा मैत्रिणीच्या हातात दिला. स्वतः हत्तीजवळ जाऊन सरळ उभी राहिली. हसली नाही. मी म्हणाले, "अगं, हास की." तर म्हणाली, "नको मॅडम, पूर्ण येऊ द्या. नवे बूट दिसले पायजेत. आईनं पैसे पाठवलेत त्याचे."

फोटो पूर्ण आला, बुटांसकट. आम्ही तो छापला. गावातली एक गाडी त्या कारखान्याकडं निघाली होती, तिच्यासोबत पाकिटात घालून पाठवला. आईच्या फोनवरही पाठवता आला असता. पण तिचा फोन साधा, बटणांचा.

मार्चअखेर ती बाई गावी आली तेव्हा शाळेत आली. दाखला मागायला आली होती. कागद काढायला तिनं प्लास्टिकची पिशवी उघडली. त्यात रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचं पासबुक आणि तो फोटो. कडा थोड्या दुमडलेल्या.

म्हणून शिक्षकहो, पालकहो, सहलीसाठी कॅमेरा घ्यायची वेळ आली की दुकानात पहिला प्रश्न "किती मेगापिक्सेल?" असा विचारू नका. आधी स्वतःला विचारा. हा कॅमेरा कुणाच्या हातात देणार? आणि यातून निघालेला फोटो कुणाच्या घरी जाणार? ही दोन उत्तरं मिळाली की पुढची निवड अवघड नाही. महागडा कॅमेरा घेऊन तो आपल्याच गळ्यात अडकवण्यापेक्षा स्वस्त कॅमेरा घेऊन तो मुलांच्या मनगटात अडकवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंदाच्या सहलीची तयारी करताना यादीत एक ओळ वाढवा. "कॅमेरा, दोन कार्डं, सेल, दोरी आणि पटावरच्या नावांची वही." त्यातलं एकच काही न्यायचं झालं, तर वही न्या. कॅमेरा कुणाचाही मागून आणता येईल.



आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड